विळा की गळ? वेलोसिरॅप्टरच्या नखाची गोष्ट

मागच्या वेळी आपण कोयना खोऱ्यातल्या खडकांबद्दल बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरत होते. आपल्या सातारा-सांगलीकडे डायनासोर होते का? आणि सिनेमात दाखवतात तो, टोळीनं येणारा, पायाच्या नखानं पोट फाडणारा डायनासोर खरा होता का? आज या दोन्ही प्रश्नांकडे एकत्र बघायचं आहे. पहिल्याचं उत्तर लवकर देता येतं. दुसऱ्याला मात्र शंभर वर्षांचा इतिहास आहे.

काही जणांनी गोल दगडांचे फोटो पाठवले आहेत. माण-खटावच्या माळावरचे, जतकडचे. ‘ही अंडी आहेत का?’ असं विचारलंय. नाहीत. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, थंड होताना त्याला भेगा पडतात आणि त्याचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांतून पाणी झिरपतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तिन्ही बाजूंनी लागतं, म्हणून कोपरे आधी कुजतात. मग कांद्यासारखे पापुद्रे सुटत जातात आणि आत गोल गाभा उरतो. विहीर खणताना किंवा रस्त्याच्या कापात असे गोटे शेकड्यांनी निघतात. खऱ्या अंड्याला कवच असतं, काही मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगाखाली त्यात हवा जाण्यायेण्याची छिद्रं दिसतात. आपल्या गोट्यांना पापुद्रे आहेत, कवच नाही.

मग लाव्ह्याच्या खाली काय आहे? डायनासोर तिथे दबलेले असतील, असं पुष्कळांना वाटतं. हा तर्क वाईट नाही. नर्मदेच्या खोऱ्यात आणि विदर्भात लाव्ह्याच्या थरांखाली नदी-तळ्यांचा गाळ आहे आणि त्यातच हाडं मिळाली आहेत. पण आपल्याकडे खाली काय आहे हे आता बघून झालंय. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपानंतर तिथल्या जमिनीचा अभ्यास सुरू झाला तो आजवर चालू आहे, आणि त्याच कामासाठी कोयना परिसरात खोल बोअर घेतले गेले. कोयनानगरजवळ रासाटीला सुमारे ९३० मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली एकदम ग्रॅनाइट जातीचा पायाखडक. मधे गाळाचा थरच नाही. म्हणजे लाव्हा आला तेव्हा इथे उघडा, झिजलेला जुनाट खडक होता. हाड टिकायला ते गाळात पटकन पुरलं जावं लागतं, उघड्या खडकावर पडलेलं हाड ऊन-पावसात संपून जातं. दक्षिणेकडे लाव्ह्याखाली कलादगीचे वालुकाश्म आहेत खरे, पण ते डायनासोरांच्या कितीतरी आधीचे. तेव्हा डायनासोर या भूमीवरून चालले नसतील असं कोणी म्हणत नाही. त्यांच्या खुणा राहतील अशी पाटीच इथे नव्हती, एवढंच.

महाराष्ट्रात ही पाटी चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा आणि डोंगरगाव इथे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या महाकाय डायनासोरांची हाडं मिळाली. डोंगरगावच्या प्राण्याचं वर्णन १९९७ साली प्रसिद्ध झालं, आज त्याला इसिसॉरस म्हणतात. शिकारी हवे असतील तर जबलपूर आणि गुजरातेतलं रहिओली. जबलपूरला कॅप्टन स्लीमन यांना १८२८ साली हाडं सापडली, भारतातल्या डायनासोरांची गोष्ट तिथून सुरू होते. रहिओलीच्या हाडांवरून २००३ साली राजासॉरस हे नाव दिलं गेलं. हा मोठा शिकारी, डोक्यावर बुटकं शिंग, आणि याच्या कुळातल्यांचे हात इतके आखूड की असून नसल्यासारखे. या कुळाच्या दक्षिण अमेरिकेतल्या एका भाऊबंदाच्या कातडीचे ठसे मिळाले आहेत, त्यावर खवले आहेत, पिसं नाहीत. तेव्हा ‘पिसांचा शिकारी डायनासोर’ म्हणून आपला राजासॉरस पुढे करता येत नाही. त्यासाठी गोबीच्या वाळवंटात जावं लागतं.

तिथे जाण्याआधी एक कालगणना मनात पक्की करू या, कारण इथे गोंधळ फार होतो. महाबळेश्वर-आंबेनळीच्या घाटात जे लाव्ह्याचे थर दिसतात ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. वेलोसिरॅप्टर जगला तो साधारण साडेसात ते सात कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे सह्याद्रीचा लाव्हा वाहायला लागला तेव्हा वेलोसिरॅप्टर संपून लाखो वर्षं झाली होती. ‘आपल्या ज्वालामुखीनं वेलोसिरॅप्टर मारला’ असं एका पोस्टमध्ये वाचलं. जो आधीच गेला त्याला कोण मारणार?

आता गोबी. १९२३च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची तुकडी रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली मंगोलियात होती. लाल कड्यांच्या एका जागी पीटर कायसेन यांना चेपलेली पण पूर्ण अशी एक कवटी मिळाली, आणि तिच्याजवळ एक वाकडं नख. संग्रहालयाचे प्रमुख हेन्री ओसबोर्न यांनी १९२४ साली त्याला नाव दिलं वेलोसिरॅप्टर मंगोलिएन्सिस, म्हणजे मंगोलियातला चपळ लुटारू. आणि ते नख? ओसबोर्न यांनी ते हाताचं धरलं. साहजिकच होतं, शिकारी प्राणी पुढच्या पंजानं झडप घालतो हे वाघ-बिबट्यावरून सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं. पण नख पायाचं होतं. हा या नखाचा पहिला अर्थ, आणि तो चाळीस वर्षं तसाच राहिला, कारण कोणी पुन्हा विचारलंच नाही.

त्याच मोहिमेतली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तिथे अंडी मिळाली, ती प्रोटोसेराटॉप्स या मेंढीएवढ्या शाकाहारी प्राण्याची मानली गेली. अंड्यांवर एक वेगळाच सांगाडा पडलेला होता. तो चोरीला आला असणार, म्हणून त्याचं नाव ओव्हिरॅप्टर, अंडीचोर. १९९३ साली तशाच अंड्यात पिल्लाचं हाड मिळालं आणि कळलं की अंडी त्या कुळाचीच होती. ज्याला चोर म्हटलं तो प्राणी आपल्याच अंड्यांवर बसलेला असावा. ओसबोर्न यांनी नाव देतानाच शंका नोंदवून ठेवली होती की या नावानं प्राण्यावर अन्याय होऊ शकेल, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण नाव बदलता येत नाही. शास्त्राचा नियमच आहे, पहिलं नाव टिकतं. सातबाऱ्यावर चुकून चढलेल्या नावासारखं झालं, फक्त इथे दुरुस्तीला तलाठीसुद्धा नाही.

नखाचा दुसरा अर्थ लागला अमेरिकेत. १९६४ साली येल विद्यापीठाचे जॉन ऑस्ट्रम यांना माँटाना राज्यात एका टेकडीवर वेलोसिरॅप्टरचा मोठा भाऊबंद सापडला. तो वेलोसिरॅप्टरच्या तीनेक कोटी वर्षं आधीचा. १९६९ साली त्यांनी त्याचं वर्णन छापलं, नाव डायनोनिकस, भयंकर नख. इथे पाय पूर्ण मिळाल्यामुळे वाद उरला नाही: नख पायाच्या दुसऱ्या बोटाचं, आणि ते बोट जमिनीला न टेकता वर उचललेलं. चालताना प्राणी दोनच बोटांवर चालायचा. चीनमधल्या शांतुंग प्रांतात पुढे दोन बोटांच्या पाऊलखुणा मिळाल्या, त्यांनी हे पक्कं केलं. नख वर का धरायचं? धार आणि टोक शाबूत राहावं म्हणून. मांजर नखं आत ओढून घेतं, त्यातलाच प्रकार.

ऑस्ट्रम यांनी अर्थ लावला तो असा: हे नख म्हणजे विळा. प्राणी उडी घेतो, एका पायावर तोल सांभाळतो आणि दुसऱ्या पायानं पोट चिरतो. तोल सांभाळायला शेपूट होतीच. या प्राण्यांच्या शेपटीच्या मणक्यांपासून लांब, बारीक हाडाच्या काड्या निघतात आणि अनेक मणके एकत्र बांधून टाकतात. शेपूट मुळापाशी लवचीक, पुढे काठीसारखी ताठ. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातात आडवी काठी धरते, तसा तिचा उपयोग.

ऑस्ट्रम यांचं श्रेय मात्र नखापुरतं नाही. डायनासोर म्हणजे सुस्त, थंड रक्ताचा, चिखलात पडून राहणारा प्राणी, ही कल्पना त्यांच्या या शोधानं मोडली. पुढे त्यांनी या प्राण्याचं मनगट आणि आर्किओप्टेरिक्स या जुन्या पक्ष्याचं मनगट शेजारी ठेवून दाखवलं की अर्धचंद्रासारखं एक हाड दोघांतही आहे, आणि पक्षी डायनासोरांतूनच आले. हे हक्स्ले यांनी शंभर वर्षं आधी सुचवलं होतं, पण मधल्या काळात ते मागे पडलं होतं.

मग १९९३ साली सिनेमा आला, पुढच्या वर्षी आपल्याकडे हिंदीतून, आणि विळ्याचा अर्थ घरोघरी पोचला. त्या सिनेमातला प्राणी आकारानं डायनोनिकसच्याही वरचा, नाव मात्र वेलोसिरॅप्टरचं. खरा वेलोसिरॅप्टर नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम दोन मीटर, त्यातही निम्म्याहून जास्त शेपूट. कंबरेपाशी उंची अर्धा मीटर. वजन पंधरा-वीस किलो, म्हणजे आपल्या शेळीपेक्षा कमी. तोंड लांबट, वरच्या बाजूला किंचित वळलेलं, दातांच्या मागच्या कडेला बारीक करवत. स्वयंपाकघराचं दार उघडून आत येणारा तो राक्षस हा नव्हे.

सिनेमाचा एवढा राग का, असं विचाराल. राग नाही. पण एकदा चित्र डोळ्यांत बसलं की पुरावा त्याच्यामागे फरपटत येतो. या प्राण्याबाबत उलटं व्हायला हवं होतं, कारण इथे पुरावा असा आहे की सिनेमावाल्यालाही सुचला नसता.

१९७१ साली पोलंड आणि मंगोलियाची संयुक्त मोहीम गोबीत काम करत होती. या मोहिमांच्या प्रमुख होत्या झोफिया किएलान-यावोरोव्स्का, आणि १९६०च्या दशकापासून वाळवंटातलं हे अवघड काम त्यांनी उभं केलं होतं. त्या वर्षी वाळूच्या कड्यातून दोन सांगाडे एकमेकांत अडकलेले निघाले. एक वेलोसिरॅप्टर, एक प्रोटोसेराटॉप्स. वेलोसिरॅप्टर आडवा पडलेला, त्याचा उजवा हात प्रोटोसेराटॉप्सच्या चोचीत घट्ट धरलेला. आणि वेलोसिरॅप्टरच्या पायाचं ते नख प्रोटोसेराटॉप्सच्या गळ्यापाशी. दोघं भिडलेले असतानाच बहुधा वाळूची टेकडी कोसळली आणि दोघांना एकदम गाडून गेली. हाडांवरून वागणं ओळखायचं म्हणजे साधारण धूर बघून चूल ओळखण्यासारखं असतं. इथे चूलच हाती लागली. हा नमुना उलानबातरला आहे.

आता नीट बघा. नख पोटापाशी नाही, गळ्यापाशी आहे. विळ्यासारखं ओढून काही चिरलेलं दिसत नाही, ते टोचून रुतवलेलं आहे. हे १९७१ सालीच समोर होतं. तरी विळ्याची कल्पना आणखी तीस-पस्तीस वर्षं टिकली, इतकी ती ठसठशीत होती.

तोवर पिसांचा प्रश्न सुटत होता. १९९६ साली चीनमधल्या ल्याओनिंग प्रांतातून बारीक तंतूंची झालर असलेला छोटा डायनासोर आला, सायनोसॉरोप्टेरिक्स. त्याचा फोटो न्यूयॉर्कच्या एका परिषदेत ऑस्ट्रम यांना दाखवण्यात आला. ज्या गोष्टीसाठी आयुष्यभर हाडांची साक्ष काढली, ती पिसं डोळ्यांसमोर. तिथे असलेल्या लोकांनी नंतर सांगितलंय की त्यांना बसावं लागलं. पुढच्या काही वर्षांत त्याच प्रांतातून वेलोसिरॅप्टरच्या जवळच्या नात्यातले प्राणी मिळाले, अगदी पंखांच्या पिसांसकट. पण ल्याओनिंगचा दगड म्हणजे तळ्याच्या तळाचा मऊ गाळ, त्यात पीस उमटतं. गोबीची वाळू भरड, तिच्यात पीस उमटत नाही. मग खुद्द वेलोसिरॅप्टरला पिसं होती हे कसं सांगायचं?

उत्तर हाडातच होतं. पक्ष्याच्या पंखातली मोठी पिसं नुसती कातडीत रुतलेली नसतात, ती स्नायुबंधांनी हाडाला बांधलेली असतात. जिथे बांध बसतो तिथे कोपरापुढच्या हाडावर एका ओळीत बारीक उंचवटे उठतात. गिधाडाच्या हाडावरून बोट फिरवलं तर ते लागतात. २००७ साली टर्नर, माकोविकी आणि नोरेल यांनी वेलोसिरॅप्टरच्या हाडावर असे सहा उंचवटे दाखवले. त्यांच्यातल्या अंतरावरून या भागात चौदाएक मोठी पिसं असावीत असा हिशोब निघतो. म्हणजे हातभर पंख असलेला, न उडणारा प्राणी. हात उडायला पुरेसे लांब नाहीत आणि अंग जड.

बाकीची शरीररचना समजून घ्यायला संग्रहालयात जायची गरज नाही. पुढच्या वेळी घरी कोंबडी आणाल तेव्हा बघा. छातीपाशी व्ही आकाराचं हाड असतं, दोन गळपट्टी हाडं जुळून झालेलं. वेलोसिरॅप्टरमध्येही ते सापडलंय. पंखाचं मनगट दुमडून बघा, ते आडवं दुमडतं, आपल्यासारखं वर-खाली नाही. त्यामुळे वेलोसिरॅप्टरचे तळवे एकमेकांकडे असत, टाळी वाजवायच्या बेतात. चित्रात तळवे जमिनीकडे केलेला वेलोसिरॅप्टर दिसला की समजायचं, चित्रकारानं कोंबडी नीट पाहिलेली नाही.

आता नखाचा तिसरा अर्थ. २००५ साली मँचेस्टरच्या मॅनिंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यांत्रिक पाय बनवला, त्याला नखाची प्रतिकृती बसवली आणि तो डुकराच्या मांसावर हाणून पाहिला. नख आत घुसलं, पण ओढल्यावर चिरा काही पडला नाही. मांस नखापुढे गोळा होऊन अडलं. विळ्याला आतल्या कडेनं धार असते, या नखाची आतली कड गोलसर. त्यानं कापता येत नाही, धरता येतं. कृष्णाकाठी गळ टाकून बसणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पण धरून करायचं काय? हा प्रश्न २०११ साली डेन्व्हर फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत शिकारी पक्ष्यांना विचारला, आणि इथे आपला मुलूख गोष्टीत येतो. त्यांनी वेगवेगळ्या शिकारी पक्ष्यांची नखं मोजली. घारी, गरुड, शिक्रा यांच्या कुळात पहिल्या आणि दुसऱ्या बोटाचं नख इतरांपेक्षा ठळकपणे मोठं. ससाण्यात तसं नाही. कारण शिकारीची रीत वेगळी. आपल्या किल्ल्यांच्या कड्यांवर राहणारा शाहीन ससाणा भक्ष्यावर हवेत आदळतो आणि चोचीला असलेल्या दात्यानं मान मोडतो. त्याचा खून चोच करते. शिक्रा किंवा गरुड मुठीत न मावणारं भक्ष्य पकडतो तेव्हा त्यावर चढून बसतो, मोठ्या नखांनी ते जमिनीला खिळवतो, अंगाचा भार टाकतो आणि ते तडफडत असतानाच चोचीनं खायला सुरुवात करतो. तोल जाऊ नये म्हणून पंख फडफडवत राहतो.

उसाच्या फडाच्या कडेला, नाहीतर द्राक्षबागेत, शिक्र्यानं सरडा किंवा होला धरलेला तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पंख पसरून तो भक्ष्यावर मांडवासारखा बसतो. फाउलर यांचं म्हणणं, वेलोसिरॅप्टर हेच करत असणार. पायाचं मोठं नख दुसऱ्याच बोटाचं, म्हणजे बोटही तेच. पायाचा घोट्यावरचा भाग आखूड आणि दणकट, जो पळायला फार सोयीचा नाही, पण पकडीला उत्तम. उडता न येणाऱ्या पंखाला काम मिळतं, फडफडवून तोल राखायचं. लांब ताठ शेपटीलाही तेच. आणि दुबळ्या वाटणाऱ्या जबड्यालाही, कारण मारायचं काम त्याच्याकडे नाहीच, खाणंच मारणं आहे. आम्हाला ही मांडणी विळ्यापेक्षा कितीतरी पटते, कारण तिच्यात शरीराचा एकही अवयव बिनकामाचा उरत नाही. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की मोठ्या भक्ष्याशी झुंजताना नख जखमा करायलाही वापरलं जात असेल. असेलही. गळ्यात रुतलेलं नख जीव घेऊ शकतं.

ही रीत आपल्या पूर्वजांनी पाहिली होती. दहाव्या ते तेराव्या शतकात कऱ्हाड, मिरज, कोल्हापूर या टापूवर शिलाहारांचं राज्य होतं, कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून. त्यांच्या लेखांत एक बिरुद येतं, सुवर्णगरुडध्वज. ज्यांच्या झेंड्यावर सोन्याचा गरुड आहे ते. आणि ते आपला वंश सांगतात तो जीमूतवाहनापासून. जीमूतवाहन म्हणजे नागाचा जीव वाचवण्यासाठी स्वतः गरुडाचं भक्ष्य झालेला विद्याधर, हर्षाच्या नागानंद नाटकातला नायक. त्या कथेत गरुड त्याला उचलून डोंगरमाथ्यावर नेतो आणि जिवंतपणीच खायला लागतो. हे भक्ष्य ओरडत कसं नाही, याचं त्याला नवल वाटतं, तो थांबतो, आणि तिथून गोष्ट वळते. कथा पुराणातली, हेतू त्यागाचा. पण गरुड आधी मारत नाही, धरून बसतो आणि जिवंतच खातो, हा तपशील कोणीतरी खरा गरुड पाहिल्याशिवाय सुचत नाही. गोष्टीचा सगळा डोलारा याच तपशिलावर उभा आहे, गरुडानं आधी मान मोडली असती तर नाटक पहिल्याच घासाला संपलं असतं. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं मानसोल्लास रचला, त्यात श्येनविनोद म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, शिकारी पक्षी पाळण्याचं आणि त्यांच्याकडून शिकार करवण्याचं. राजांच्या दरबारात पक्षी हातावर घेऊन फिरणारी माणसं होती. कोणता पक्षी पायानं मारतो, कोणता चोचीनं, हे त्यांना रोजच्या कामात कळत असणार. ओसबोर्न यांच्या टेबलाशी असा एखादा बाजदार बसला असता, तर नख हातावर चढलं असतं का, असं कधीकधी वाटतं.

राहिली टोळीची गोष्ट. ती आली डायनोनिकसवरून. माँटानात एका मोठ्या शाकाहारी डायनासोरच्या हाडांजवळ डायनोनिकसचे बरेच दात आणि काही सांगाडे मिळाले. एवढं मोठं जनावर एकट्यानं पडणार नाही, म्हणजे लांडग्यांसारखी टोळी, असा तर्क झाला. २००७ साली रोच आणि ब्रिंकमन यांनी दाखवलं की याच पुराव्याचा दुसरा अर्थही लागतो. इंडोनेशियातल्या कोमोडो घोरपडी मेलेल्या जनावराभोवती जमतात, एकमेकींशी भांडतात, कधी एखादी लहान घोरपड त्यात मरते आणि खाल्लीही जाते. गर्दी असते, टोळी नसते. २०२० साली दातांतल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून आणखी एक गोष्ट पुढे आली: डायनोनिकसची पिल्लं आणि मोठे यांचं खाणं वेगळं होतं. लांडग्यांसारखी टोळी असती तर मोठ्यांनी मारलेलंच पिल्लांनी खाल्लं असतं. आमच्या मते टोळीचा दावा आता फारसा उभा राहत नाही.

मेलेलं मिळालं तर वेलोसिरॅप्टर तेही सोडत नसे. प्रोटोसेराटॉप्सच्या जबड्याच्या हाडावर त्याच्या जातीच्या दातांच्या खुणा मिळाल्या आहेत, जिथे मांस जवळजवळ नसतंच अशा जागी. शेवटी उरलेलं खरवडून खाल्लेलं दिसतं. एका वेलोसिरॅप्टरच्या पोटात उडणाऱ्या मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याचं हाड होतं. तो प्राणी त्यानं स्वतः मारला असणं अवघड, मेलेला मिळाला असावा. आपली घारही उंदीर पकडते आणि कत्तलखान्यावरही फिरते. तिला कोणी मुडदेखाऊ की शिकारी असं विचारत नाही.

एक प्रश्न शेवटी आला आहे, भारतात असा नखवाला सापडण्याची काही आशा आहे का? नख अजून मिळालेलं नाही. पण २०१३ साली तमिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यात कल्लमेडू इथल्या दगडातून एक दात प्रसिद्ध झाला. तो ट्रूडॉन्टिड कुळातला, म्हणजे वेलोसिरॅप्टरच्या चुलत कुळातला असल्याचं संशोधकांनी मांडलंय. हे कुळ तेव्हापर्यंत उत्तरेच्या खंडांतलंच समजलं जायचं. एका दातावर फार काही उभं करता येत नाही, आणि त्यावर वाद आहेच. पण सगळ्यांनी माणच्या माळावरचे गोटे फोडण्यापेक्षा, ज्याला खरंच शोधायचंय त्यानं चंद्रपूरकडे जावं. हाडं ठेवणारा गाळ तिथे आहे. मात्र काही सापडलं तर उचलू नका, जागेचा फोटो काढा आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, कारण जागेवरून हललेल्या हाडाची निम्मी माहिती गेलेली असते. पिसदुऱ्याला हाडांबरोबर डायनासोरांचं दगड झालेलं शेणही मिळालंय, आणि त्या शेणात गवताचे अंश निघाले आहेत. पुढच्या वेळी त्याच्याबद्दल बोलू.